सरड्याची धाव

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या सुमारास एके दिवशी पहाटे मी आमच्या शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारीत होतो. पाचवीतला एक मुलगा शेळी घेऊन तिकडून चालला होता. तो कुंपणाशी थांबला, बराच वेळ माझ्याकडे पाहात राहिला, आणि मी जवळून जाऊ लागताच अत्यंत हळुवार आवाजात त्याने विचारले, "सर, तुम्हाला कुणी शिक्षा केली?"

त्याच्या प्रश्नात थट्टा नव्हती. असलीच तर सहानुभूती होती. गेली बावीस वर्षे उशिरा येणाऱ्या मुलांना मी 'मैदानाला दोन फेऱ्या मार' हीच शिक्षा देत आलो आहे. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, चष्मा सावरीत धापा टाकणारा माणूस धावताना दिसला तर त्याच्यापेक्षा मोठ्या कुणीतरी त्याला फेऱ्या मारायला लावल्या असणार, असे अनुमान त्याने काढले यात त्याची चूक काय? माणूस आपखुशीने धावतो, ही गोष्ट मी त्याला कधी शिकवलीच नव्हती.

आणि मला तरी ती कुणी शिकवली होती? आपल्या भाषेत माणूस संकटात दुसऱ्याच्या मदतीला 'धावून' जातो, नाहीतर स्वतःच्या संकटातून 'पळून' जातो. देवाचा 'धावा' करतात. संसाराची 'धावपळ' होते. आणि भित्र्याला 'पळपुटा' म्हणतात. नुसते सकाळी उठून, कुणाला वाचवायचे नसताना आणि कुणाला चुकवायचे नसताना, दोन मैल धावून परत घरी येणे या क्रियेला आपल्याकडे धड क्रियापदही नाही. कुतूहलाने मी माझ्या स्वतःच्या कादंबऱ्या चाळून पाहिल्या. त्यांत सगळी मिळून चार माणसे धावली आहेत: एक डॉक्टरांना बोलवायला, एक सुटलेली एस. टी. पकडायला, आणि दोघे सावकाराच्या माणसांपासून. हौसेने एकही नाही. २०२० साली आलेला 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट पुष्कळांना आठवत असेल. साठी ओलांडलेली एक बाई नवऱ्याच्या औषधोपचारासाठी नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत धावते. ही घडलेली हकिकत आहे, आणि त्या बाईंनीच चित्रपटात स्वतःची भूमिका केली आहे. तो पाहताना माझे डोळे भरून आले. पण डोळे पुसताना मनात असेही आले की, आपल्याला धावणे पटते ते असे. त्यामागे कुणाचे तरी मरण उभे असले म्हणजे!

परदेशात मात्र या हौसेवर पुस्तकांचा डोंगर उभा आहे. त्यांतली चार पुस्तके मी गेल्या सव्वा वर्षात, शाळेपुरत्या इंग्रजीच्या आणि शब्दकोशाच्या आधाराने वाचली. समीक्षकाने तटस्थ असावे म्हणतात. मी तसा नव्हतो. पुस्तक रात्री वाचायचे आणि त्याची परीक्षा सकाळी नडग्यांनी घ्यायची असा माझा प्रकार होता. त्यामुळे माझी कसोटीही एकच राहिली. ज्याने चाळिशीनंतर धावायला सुरुवात केली, ज्याला पहिल्या शंभर पावलांतच धाप लागली आणि जो मधेच थांबून चालू लागला, त्या माणसाला या पुस्तकात जागा आहे की नाही?

पहिले पुस्तक ॲलन सिलिटो यांचे, १९५९ सालचे. लांब पल्ल्याच्या धावपटूचे एकटेपण हा त्या प्रसिद्ध दीर्घकथेचा विषय. १९६२ साली टोनी रिचर्डसन यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. चोरीबद्दल सुधारगृहात पडलेला एक पोरगा चांगला धावतो, म्हणून तिथल्या अधिकाऱ्याला त्याच्याकरवी चषक जिंकायचा असतो. पोरगा शर्यतीत सर्वांच्या पुढे असतो, आणि शेवटची रेषा समोर दिसत असताना जाणूनबुजून थांबतो. कथा म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे. पहाटेच्या गारठ्यात एकटे धावणाऱ्याच्या डोक्यात विचार कसे येतात, श्वासाच्या तालावर वाक्ये कशी तुटतात आणि जुळतात, हे सिलिटोंइतके कुणाला साधलेले मला तरी माहीत नाही. पण त्या पोराचे थांबणे हे बंड आहे. माझे थांबणे बंड नव्हते. ते फुप्फुसाचे म्हणणे होते. पुस्तक मिटून मी आदराने कपाटात ठेवले.

दुसरे पुस्तक हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराचे. मूळ जपानी २००७ सालचे, इंग्रजी भाषांतर फिलिप गेब्रिएल यांचे, २००८ सालचे. हे मी अधाशासारखे वाचले, कारण लेखक कादंबरीकार आणि विषय धावण्याचा. आपलाच माणूस भेटल्यासारखे झाले. मुराकामी तोक्योत जाझ संगीताचे एक छोटेसे मद्यगृह चालवीत होते. ते विकून त्यांनी पूर्णवेळ लेखन पत्करले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की, दिवसभर बसून लिहिणाऱ्या माणसाचे शरीर सुटत जाते. रोज साठ सिगारेटी ओढत ते. १९८२ साली, तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी धावायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ग्रीसमध्ये जाऊन अथेन्सपासून मॅरेथॉनपर्यंत, म्हणजे मूळ दंतकथेच्या उलट दिशेने, भर उन्हाळ्यात ते एकटे धावले.

या पुस्तकाचा मोठा गुण त्याचा प्रामाणिक कंटाळवाणेपणा हा आहे. हे मी निंदेने म्हणत नाही. धावणे ही मुळात एकसुरी गोष्ट आहे, आणि मुराकामी तिला रंग फासून आकर्षक करीत नाहीत. आज इतके अंतर, उद्या तितके, ऊन होते, गुडघा दुखला. असे ते लिहीत जातात, आणि वाचता वाचता आपल्याला कळते की, कादंबरीही अशीच लिहिली जाते. प्रतिभेविषयी फार बोलणाऱ्या आम्हा लेखकांच्या तोंडावर त्यांनी न बोलता टाकलेली ही चपराक आहे. त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. 'तुम्हीही धावा' असा उपदेश ते कुणालाच करीत नाहीत, आणि शाळेत सरसकट सगळ्या मुलांना पळायला लावण्याचा तर त्यांना मनस्वी तिटकारा आहे. ते पान वाचताना मी जरा इकडेतिकडे पाहिले.

पण या पुस्तकाचे आणि माझे जिथे बिनसले ती जागा वेगळी आहे. १९९६ साली जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर सारोमा सरोवराभोवती मुराकामी शंभर किलोमीटरांची शर्यत धावले. त्यांना अकरा तास बेचाळीस मिनिटे लागली. त्या वर्णनात त्यांचा सर्वांत मोठा अभिमान कोणता? तर आपण एकदाही चाललो नाही, हा! पुस्तकाच्या शेवटी आपल्या थडग्यावर काय कोरावे याची कल्पना ते करतात. तीही हीच, की हा माणूस निदान चालला तरी नाही. शंभर किलोमीटर धावणाऱ्याला तो अभिमान शोभतो. पण वाचकाचे काय? धाप लागल्यावर चालू लागणे म्हणजे काहीतरी गमावणे आहे, हा विचार त्या सुंदर, शांत गद्यातून मनात नकळत झिरपतो. कसदार लेखनाचा हाच धोका आहे. ते आपल्याला लागू नसलेली गोष्टही पटवून जाते.

मला पटली. तेव्हा धावायला लागून मला तीनच आठवडे झाले होते. मी ठरवले की उद्यापासून चालायचे नाही. कालव्याच्या कडेने जो रस्ता जातो त्यावर, घरापासून दुसऱ्या मोरीपर्यंत आणि परत, न थांबता धावायचे. दोन दिवस धावलो. ऊर फुटायची वेळ आली, पण चाललो नाही. आणि घरी येऊन एखादा गड सर केल्यासारखा ताठ मानेने चहा प्यालो. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून पाय जमिनीवर टेकला तो दोन्ही नडग्यांतून अशी कळ आली की पुन्हा खालीच बसलो. पुढचे महिनाभर मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवले.

"अहो, पुस्तक वाचून कुणी धावतं का?" सौभाग्यवती म्हणाल्या.

नंतर कळले ते असे. नवशिक्याचे हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारू लागतात. परंतु हाडे, आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे, यांना त्याच कामासाठी महिनेच्या महिने लागतात. म्हणजे ज्या दिवशी माणसाला वाटते की आता जमते आहे, त्याच सुमारास पाय मोडण्याची वेळ आलेली असते. आत्मविश्वास आणि नडगी यांची गाठ अशी चुकीच्या दिवशी पडते. हे मुराकामींच्या पुस्तकात नाही. नसू दे, तो त्यांचा विषयही नाही. पण नवशिक्याने ते पुस्तक पहिल्या वर्षी वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या लंगड्या महिन्यात मी जिम फिक्स यांचे जाडजूड पुस्तक वाचले. १९७७ सालचे हे पुस्तक अमेरिकेत लाखांनी खपले आणि त्याने असंख्य लोकांना रस्त्यावर आणले. फिक्स पस्तिसाव्या वर्षी, १९६७ साली धावू लागले. त्या वेळी वजन शंभर किलोंच्या घरात आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे. दहा वर्षांत सिगारेट सुटली, देह सडसडीत झाला, आणि मग त्यांनी हे पुस्तक लिहिले. त्याचा उत्साह सांसर्गिक आहे. गृहस्थ इतका आनंदात आहे की, धावण्याने संसार, झोप, स्वभाव सगळेच सुधारते असे तो सांगतो तेव्हा त्याला अडवावेसे वाटत नाही. लेखन म्हणून ते मुराकामींच्या जवळपासही येत नाही. पण नवशिक्याशी तो प्रेमाने बोलतो, खांद्यावर हात ठेवून बोलतो.

आणि २० जुलै १९८४ रोजी, व्हरमाँट राज्यातल्या एका रस्त्यावर, नेहमीप्रमाणे धावायला गेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने ते वारले. वय बावन्न. शवचिकित्सेत हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. पुस्तकाच्या ओघात ही गोष्ट येणे शक्यच नाही. पण आज ते वाचणारा प्रत्येक जण ती जाणून असतो, आणि त्यामुळे त्यातले प्रत्येक आनंदी वाक्य वेगळेच ऐकू येते.

माझ्या बाबतीत ते आणखीच वेगळे ऐकू आले. फिक्स यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. माझे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेही असेच, सकाळी गोठ्यात बैल सोडताना. मी धावायला का लागलो हे मी घरात कुणाला सांगितले नव्हते. रक्तातली साखर जरा वाढली आहे एवढेच म्हणालो होतो. फिक्स यांचे पुस्तक उशाशी पाहून सौ.ने ते चाळले, प्रस्तावना वाचून मला चार प्रश्न विचारले, आणि सगळे ओळखले. त्या रात्री ती बराच वेळ काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, "तुम्ही पळा खुशाल. पण आधी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन या. ते गेले नाहीत ना, म्हणून."

तिचे म्हणणे खरे होते. मृत्यूच्या आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात फिक्स टेक्ससमध्ये डॉ. केनेथ कूपर यांच्या केंद्रात गेले होते. हृदयाची ताण-चाचणी करून घ्या असे सुचवूनही त्यांनी ती करून घेतली नाही. आपण धावतो म्हणजे आपल्याला काही होणार नाही, असे त्यांना वाटले असेल काय? की उत्तर ऐकायची भीती वाटली असेल? मला दुसरे कारण अधिक ओळखीचे वाटते. त्यांना धावण्याने मारले असे म्हणणारे पुष्कळ निघाले. वडिलांच्या मानाने त्यांना नऊ वर्षे जास्त मिळाली, आणि ती बहुधा धावण्यानेच, असेही म्हणता येते. मी त्या वादात शिरत नाही. पण त्यांच्या पुस्तकाची खरी उणीव भाषेत नसून ती अशी आहे: त्यात थांबण्याचे प्रकरण नाही.

मी पुण्याला जाऊन चाचणी करून घेतली. फिरत्या पट्ट्यावर चालवतात, छातीला तारा लावतात, आणि पट्ट्याचा वेग वाढवीत जातात. शेजारी उभी असलेली मुलगी अधूनमधून "काका, त्रास होतोय का?" असे विचारीत होती. सुदैवाने अहवाल ठीक आला. त्या आनंदात परतताना रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला चौथे पुस्तक सापडले. किंमत चाळीस रुपये.

हे पुस्तक बिल बॉवरमन आणि डब्ल्यू. ई. हॅरिस यांचे, १९६७ सालचे. नाव नुसते 'जॉगिंग'. एक लेखक शर्यतींचा प्रशिक्षक, दुसरा हृदयरोगाचा डॉक्टर. जेमतेम सव्वाशे पाने. भाषा रेल्वेच्या वेळापत्रकासारखी. आणि तरीही या चारांत नवशिक्यासाठी श्रेष्ठ पुस्तक हेच, असे मी म्हणतो, त्याचे कारण त्यामागच्या हकिकतीत आहे.

बॉवरमन हे अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचे नावाजलेले प्रशिक्षक. १९६२ साली त्यांच्या चार मुलांनी प्रत्येकी एक मैलाच्या रिले शर्यतीत जागतिक विक्रम केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियार्ड नावाचा, बुटांच्या कारखान्यात राबून शिकवण्या करणारा एक अवलिया प्रशिक्षक होता. २ सप्टेंबर १९६० या एकाच दुपारी त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅल्बर्ग यांनी, रोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली होती. लिडियार्डने ऑकलंड शहरात साध्यासुध्या, उतारवयातल्या, हृदयविकार झालेल्यासुद्धा माणसांना हळूहळू धावायला लावले होते. एका सकाळी त्याने बॉवरमनना त्यांच्यात सामील व्हायला बोलावले. बॉवरमन पन्नाशीचे; जन्मभर दुसऱ्यांना पळवलेले. ते ऐटीत निघाले आणि थोड्याच अंतरात त्यांच्या तोंडाला फेस आला. सगळा घोळका पुढे निघून गेला. त्यांच्यासाठी मागे राहिले कोण? तर सत्तरी उलटलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक आजोबा. आणि ते गप्पा मारीत मारीत त्यांना सोबत करीत राहिले.

जगातल्या उत्तम प्रशिक्षकाला एका आजारी म्हाताऱ्याने सांभाळून परत आणले. हा अपमान ज्याने गिळला त्याने हे पुस्तक लिहिले आहे. म्हणूनच त्यात पहिल्या आठवड्यात माणसाला धावायला सांगितलेले अंतर इतके थोडे आहे की वाचून हसू येते. काही पावले पळा, तितकीच चाला. पुन्हा पळा, पुन्हा चाला. एक दिवस कष्टाचा, दुसरा सोपा. शेजारच्याशी बोलता येत नाही इतकी धाप लागली तर तुम्ही चुकता आहात, वेग कमी करा. अशी बारा आठवड्यांची कोष्टके, दुबळ्यांसाठी निराळी, मध्यमांसाठी निराळी. चालणे ही इथे हार नाही. ते कोष्टकात छापलेले आहे, धावण्याच्या शेजारच्याच जागी. कविता नाही, चिंतन नाही. पण माझ्यासारख्या वाचकाला त्या रकान्यात स्वतःचे नाव दिसले. पुढे १९९६ साली जॉश क्लार्क या तरुणाने, पन्नाशी उलटलेल्या आपल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून, नऊ आठवड्यांचा एक आराखडा केला. त्यातला पहिला आठवडा असा आहे: साठ सेकंद धावायचे, नव्वद सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा. आज जगभर नवशिके तो वापरतात. तो याच घराण्यातला म्हटला पाहिजे.

(याच बॉवरमननी १९७१ साली बुटाचा तळवा कसा असावा याचा विचार करता करता बायकोच्या स्वयंपाकघरातल्या, जाळीदार धिरडी भाजायच्या साच्यात रबर ओतले आणि तो कायमचा वाया घालवला. त्यातून पुढे प्रसिद्ध बूट निघाले हे खरे. पण ऐन दिवाळीत कुणी चकलीच्या सोऱ्यात रबर घातले तर घरात काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.)

पुस्तकाला दोषही आहेत. ते गृहीत धरते की रस्त्याला पदपथ आहे, गावात बाग आहे, आणि माणसाला सकाळचा तास मोकळा आहे. आमच्याकडे दिवाळी संपते न संपते तोच ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे साडेपाचला कालव्याच्या रस्त्यावर मी पांढरे बूट घालून पळत असतो, आणि समोरून बैलगाडीवर तीन वाजल्यापासून जागी असलेली बाई कोयता मांडीवर ठेवून येत असते. "काय हरवलंय का गुरुजी?" असे एकीने मला विचारले होते. त्या क्षणी जो संकोच वाटला त्यावर चारांपैकी एकाही पुस्तकात उपाय नाही. ज्याच्या अंगातला घाम दिवसभर दुसऱ्याच्या शेतात गळतो त्याच्यासमोर हौसेने घाम गाळायचा, ही गोष्ट सोपी नाही. आणि ती सोपी वाटू लागू नये, असेही मला वाटते. मी फक्त त्या गाड्या आल्या की धावणे थांबवून चालू लागतो आणि रामराम घालतो. सुरुवातीला लाजेने चालत असे. आता कोष्टकातच तसे बसवले आहे. तिसरा चालण्याचा टप्पा नेमका मारुतीच्या देवळापाशी येतो.

सव्वा वर्ष झाले. दुसऱ्या मोरीपर्यंत जाऊन परत येतो. मधे चार वेळा चालतो. पावसाळ्यात सात आठवडे खंड पडला, तेव्हा पुन्हा पहिल्या आठवड्याच्या रकान्यापासून सुरुवात केली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे खरे. पण सरडा कुंपणापर्यंत रोज जातो, हे त्या म्हणीत कुणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. साखर उतरली आहे. सेहेचाळिसावे वर्ष पुढच्या आषाढात लागेल. त्याविषयी आम्ही दोघे बोलत नाही, पण रात्री बूट दाराशी काढून ठेवायचे काम हल्ली तीच करते. नरकचतुर्दशीला मात्र धावणे बंद. त्या दिवशी सगळे घरच माझ्या आधी उठलेले असते आणि उटण्याची वाटी घेऊन उभे असते.

शाळेत मी फेऱ्यांची शिक्षा बंद केली. परवा सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात तोच शेळीवाला मुलगा, आता सहावीत गेलेला, अर्धा तास उशिरा आला. मी त्याला बाकावर बसवून सतरापासून तिसापर्यंतचे पाढे लिहायला सांगितले. तो पाटी-पेन्सिलीकडे पाहात थोडा वेळ उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "त्यापेक्षा फेऱ्याच द्या ना. पण मधे चाललो तर चालेल ना?"